हरवलेला शिलालेख, उरलेली खापरे : घारापुरीच्या संशोधनाची पाच शतके

१/
पुण्यातल्या माझ्या खोलीत, पुस्तकांच्या फळीवर, खापराचा एक तुकडा गेली सहा वर्षे पडून आहे. एकोणिसाव्या वर्षी घारापुरीच्या किनाऱ्यावर फिरताना तो मी उचलला आणि पिशवीत टाकला. आज मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे, आणि त्या तुकड्याविषयी मला जवळजवळ काहीच सांगता येत नाही. तो नेमका कोणत्या जागी होता, भरतीच्या रेषेच्या वर की खाली, त्याच्या आजूबाजूला आणखी काय पडले होते, यातले काहीही मी टिपून ठेवले नाही.

या धाग्यात घारापुरीच्या संशोधनाचा इतिहास सांगायचा आहे. तो सांगता सांगता या लहानशा चोरीचाही हिशेब द्यायचा आहे.

२/
घारापुरी म्हणजेच एलिफंटा. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातले हे बेट मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने तासाभराच्या अंतरावर आहे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या त्यावरच्या तीन वस्त्या. पश्चिमेकडच्या टेकडीत पाच लेणी, पूर्वेकडच्या टेकडीत दोन, आणि त्याच पूर्व टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष.

बहुतेक पर्यटक मुख्य लेणे पाहतात, सदाशिवासमोर छायाचित्र काढतात आणि परतीची लाँच गाठतात. संशोधकांची दृष्टीही दीर्घकाळ अशीच लेण्यात अडकून राहिली होती. लेण्याच्या तेजात बेट झाकोळले गेले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

३/
युरोपीय नोंदींचा आरंभ पोर्तुगीजांपासून होतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि भोवतालचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. बेटाच्या दक्षिणेकडील धक्क्याजवळ काळ्या पाषाणाचा एक प्रचंड हत्ती उभा होता. त्यावरून त्यांनी बेटाला 'हत्तीचे बेट' म्हटले आणि त्यातून पुढे 'एलिफंटा' हे नाव रूढ झाले.

गार्सिया द ओर्ता या वैद्याने त्याच वर्षी लेणी पाहिली. वनौषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात लेण्यांची प्रशंसा आहे, आणि गुरे आत शिरून झालेल्या हानीची तक्रारही आहे.

४/
१५३८ साली जुआंव द कास्त्रो तेथे आला. हा पुढे पोर्तुगीज भारताचा प्रमुख झाला. त्याने केवळ नवल केले नाही, तर लेण्याची मापेही टिपली. एखादी वास्तू पाहून तिचे वर्णन करणे वेगळे आणि तिला मोजपट्टी लावणे वेगळे. माझ्या मते घारापुरीच्या संशोधनाचा खरा आरंभ या मोजमापापासून धरावा.

५/
आता या कथेतला सर्वांत दुःखद प्रसंग.

दिओगो द कोउतो हा पोर्तुगीज इतिहासकार सांगतो की वसईचा प्रदेश हाती आल्यावर पोर्तुगीजांना लेण्याच्या दारावर एक कोरीव लेख असलेली शिला दिसली. अक्षरे मोठी आणि सुरेख होती. ती शिला तेथून काढण्यात आली. गव्हर्नरने ती वाचू शकेल असा हिंदू वा मुसलमान जाणकार शोधला. तो मिळाला नाही. मग शिला पोर्तुगालला, राजा तिसरा जुआंव याच्याकडे रवाना झाली. तेथेही वाचणारा भेटला नाही.

ती शिला आजतागायत सापडलेली नाही.

६/
या एका शिलेसोबत काय गेले? लेणी कोणी खोदवली, केव्हा, कोणत्या राजाच्या काळात, दान कोणाचे, आचार्य कोणत्या पंथाचे, हे सारे त्या लेखात असण्याची दाट शक्यता होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स विल्किन्स गुप्तकाळाच्या आसपासची अक्षरे वाचू लागला. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने अशोकाची ब्राह्मी उलगडली. म्हणजे ती शिला आणखी अडीच-तीनशे वर्षे जागच्या जागी राहिली असती, तर आज शाळेच्या पाठ्यपुस्तकात घारापुरीपुढे राजाचे नाव आणि वर्ष छापलेले असते. त्याऐवजी आपण 'बहुधा' आणि 'सुमारे' या दोन शब्दांवर भागवतो.

७/
इथे पोर्तुगीजांवर संतापणे सोपे आहे. लेण्यांची नासधूस त्यांच्या काळात झाली याच्या नोंदी आहेत आणि तो रोष अनाठायी नाही. पण ही विशिष्ट घटना नीट पाहा. शिला फोडण्यासाठी काढली नव्हती. ती वाचायची होती, म्हणून काढली. गव्हर्नरने जाणकार शोधला, राजानेही शोधला. हेतू जिज्ञासेचा होता.

मला अस्वस्थ करते ते हेच. द्वेषाने केलेला विध्वंस आपल्यापासून दूर ठेवता येतो. जिज्ञासेपोटी झालेला विनाश मात्र आपल्या घराच्या फळीपर्यंत येऊन पोहोचतो.

८/
पुढची दोन शतके प्रवासी येत राहिले. १७६४ साली कार्स्टन नीबूर या प्रवाशाने लेण्याचा आराखडा काढला, मूर्तींची रेखाटने केली आणि ती युरोपात प्रसिद्ध केली. मुंबईत १८०४ साली लिटररी सोसायटी स्थापन झाली. तिच्यापुढे विल्यम अर्स्किनने १८१३ साली घारापुरीवर निबंध वाचला. तो १८१९ साली छापला गेला. हे लेणे शिवाचे आहे, हे त्याने मूर्तींच्या लक्षणांवरून पद्धतशीरपणे मांडले.

या दोघांनी काहीही उचलून नेले नाही. त्यांनी कागदावर नेले. त्यामुळे त्यांच्या चुका आज आपण दुरुस्त करू शकतो.

९/
हत्तीचे काय झाले, तेही सांगायला हवे. १८१४ साली त्याचे डोके आणि मान कोसळली. १८६४ साली उरलेला देह इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत आणून ठेवले गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा जोडले गेले.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आज उभा आहे. ज्याच्यावरून बेटाला जगप्रसिद्ध नाव मिळाले, तो हत्ती आता बेटावर नाही.

१०/
१८७१ साली जेम्स बर्जेस यांचा घारापुरीवरचा स्वतंत्र ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला. त्यात छायाचित्रे होती, आराखडे होते आणि प्रत्येक शिल्पपटाचे बारकाईने केलेले वर्णन होते. पुढे पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीची धुरा याच बर्जेस यांच्याकडे आली.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८७५ साली, प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागतार्थ याच लेण्यात मेजवानी झडली. एकीकडे शास्त्रीय ग्रंथ, दुसरीकडे देवालयात खाना. एकाच सत्तेची ही दोन रूपे एकाच दशकातली आहेत.

११/
याच दशकात भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर काय चालले होते, हे पाहण्यासारखे आहे. लुईजी पाल्मा दि चेस्नोला हा तेथे अमेरिकेचा वकील होता. त्याने ठिकठिकाणी थडगी उकरून हजारो वस्तू गोळा केल्या आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला विकल्या. १८७९ साली तो त्याच संग्रहालयाचा पहिला संचालक झाला.

कुरिअन या प्राचीन नगरात भूमिगत दालनांतून मोठा खजिना मिळाला, असे त्याने जाहीर केले. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की त्या वस्तू वेगवेगळ्या जागांच्या आणि वेगवेगळ्या काळांच्या होत्या. त्यांना एका खजिन्याचे रूप चेस्नोलाने दिले होते.

१२/
लिस्बनला शिला गेली आणि हरवली. न्यूयॉर्कला वस्तू गेल्या आणि टिकल्या, काचेच्या कपाटात नीट मांडल्याही गेल्या. तरीही साक्ष दोन्हीकडे बुडाली. पुरातत्त्वात वस्तू ही साक्षीदार असते, आणि साक्षीदाराला पहिला प्रश्न 'तू कुठे होतास?' हाच विचारला जातो. त्याचे उत्तर पुसले गेले की सोन्याचा दागिनाही मुका होतो.

१३/
पुन्हा घारापुरीकडे. लेख नसल्यामुळे विसाव्या शतकात काळावर आणि कर्तृत्वावर वाद रंगला. कोणी राष्ट्रकूटांचे नाव घेतले, कोणी चालुक्यांचे, कोणी कोकणच्या मौर्यांचे, कोणी कलचुरींचे. कोणी सहावे शतक म्हणाले, तर कोणी काळ आठव्या शतकापर्यंत पुढे नेला. मुख्य मूर्तीला आधी ब्रह्मा-विष्णू-महेशाची त्रिमूर्ती मानले जात असे. पुढे मूर्तिशास्त्राच्या आधारे ती एकट्या शिवाची, म्हणजे सदाशिवाची, आहे हे मत स्थिरावले.

वाद मोठ्या विद्वानांचा होता. त्यांच्यापुढची शिल्पे अजोड होती. पण शिल्पे तारीख सांगत नव्हती.

१४/
तारखेकडे जाणारी वाट दाखवली ती चिल्लर नाण्यांनी. कलचुरी राजा कृष्णराज याची कमी मोलाची तांब्याची नाणी या बेटावर मिळाली आहेत. वॉल्टर स्पिंक यांनी त्यांना महत्त्व दिले. त्यांचा तर्क साधा होता. इतक्या लहान किमतीची नाणी दूरच्या व्यापारासाठी कोणी वाहून आणत नाही. ती रोजच्या देण्याघेण्यात, मजुरीत वापरली जातात. म्हणजे कृष्णराजाच्या काळात बेटावर मजूर राबत असावेत. त्यावरून मुख्य लेणे सहाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचे असावे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

राजाचा शिलालेख हरवला, तेव्हा पाथरवटाच्या रोजंदारीने साक्ष दिली. मला हा प्रसंग फार आवडतो.

१५/
आता लेण्याबाहेर येऊ. ऐहोळे येथील इ.स. ६३४ च्या प्रशस्तीत रविकीर्तीने चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या विजयांचे वर्णन केले आहे. पश्चिम समुद्राची लक्ष्मी शोभणाऱ्या पुरी नावाच्या नगरीवर त्याने शेकडो नौकांनिशी हल्ला केला, असे तीत म्हटले आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी, असे काही विद्वान मानतात. इतर काही दंडा-राजपुरीसारख्या जागा सुचवतात.

हा वाद काव्याच्या अर्थाने सुटणार नाही. आरमारानिशी जिंकावी अशी वस्ती या बेटावर होती का, हे जमीनच सांगेल. तिचे बंदर, तिच्या विटा, तिची खापरे.

१६/
खापरांचा विषय निघाला की पुण्याचे नाव येतेच. १९३९ साली डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले आणि हसमुख धीरजलाल सांकलिया तेथे रुजू झाले. लंडनला शिकत असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात त्यांनी काम केले होते. थरांची शिस्त त्यांनी तेथे पाहिली आणि ती येथे आणली.

देवळे, लेणी आणि ताम्रपट यांच्यापलीकडे जाऊन नदीकाठची पांढर खणायची, प्रत्येक थरातले खापर वेगळे ठेवायचे, धुवायचे, त्यावर क्रमांक घालायचा. नाशिक, जोर्वे, नेवासे, इनामगाव ही नावे या कष्टातून इतिहासात आली. महाराष्ट्राचा ताम्रपाषाणयुगीन शेतकरी आपल्याला खापरांतूनच भेटला.

१७/
कोल्हापूरचे ब्रह्मपुरी टेकाडही याच परंपरेत येते. १९४० च्या दशकात तेथे खोदकाम झाले. सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांचे उत्खनन १९४५-४६ चे. याच टेकाडावर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती मिळाली होती. भूमध्य समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी.

मूर्ती वर्तमानपत्रात गाजली, आणि ते स्वाभाविक होते. पण तेथल्या वस्तीचा क्रम, सातवाहन काळाची घरे, नंतरचा बहमनी थर, हे सगळे उलगडले ते खापरे, नाणी आणि थर यांच्या नोंदींमुळे.

१८/
घारापुरीच्या किनाऱ्यावरही भूमध्य समुद्र पोहोचला होता. मोराबंदर बाजूला इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतल्या वस्तीच्या खुणा आहेत, आणि रोमन अम्फोरांची खापरेही बेटावर मिळाली आहेत. अम्फोरा म्हणजे दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा मद्याचा वा तेलाचा रांजण. इटलीतल्या नेपल्सजवळच्या रांजणांच्या मातीत ज्वालामुखीचे काळे कण दिसतात. ग्रीसच्या कोस बेटावरच्या रांजणांचे कान जोडदांड्याचे असतात. एवढ्याशा तुकड्यावरून जाणकार बंदराचे नाव सांगू शकतो.

म्हणजे लेणे खोदले जाण्याच्या कित्येक शतके आधी हे बेट समुद्री व्यापाराच्या नकाशावर होते. लेणे ओसाड खडकावर अवतरले नाही. ते गजबजलेल्या बेटावर आले.

१९/
याच खापरांची पुढची गोष्ट त्याहून बोधप्रद आहे. भारतात अनेक ठिकाणी मिळालेले, आतून काळा लेप असलेले जाड तुकडे सरसकट रोमन अम्फोरा म्हणून नोंदले जात. रॉबर्टा टोम्बर यांनी अशा संग्रहांतले तुकडे पुन्हा तपासले. २००७ साली त्यांनी दाखवून दिले की त्यांतले बरेचसे रोमन नाहीतच. ते मेसोपोटेमिया आणि इराणी आखाताकडचे, बिनकानाचे, आतून डांबराचा लेप दिलेले रांजण आहेत, आणि त्यांचा काळही पुष्कळसा नंतरचा, सासानी आणि आरंभीच्या इस्लामी राजवटींचा आहे.

एका फेरतपासणीने व्यापाराची दिशा बदलली आणि काळही बदलला.

२०/
ही दुरुस्ती शक्य का झाली? आधीच्या लोकांनी चूक केली होती, पण तुकडे जपले होते आणि ते कुठले आहेत हे लिहून ठेवले होते. चुकीचा निष्कर्ष पुढची पिढी सुधारते. हरवलेली जागा मात्र कोणतीच पिढी परत आणू शकत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. पुरावा जपायचा म्हणजे तो पुन्हा विचारता येईल अशा स्थितीत ठेवायचा. कास्त्रोची मापे, नीबूरचा आराखडा, बर्जेस यांची छायाचित्रे, सांकलियांचे क्रमांक घातलेले खापर या एकाच माळेतल्या गोष्टी आहेत. लिस्बनची शिला, चेस्नोलाचा खजिना आणि माझ्या फळीवरचा तुकडा दुसऱ्या माळेतले.

२१/
यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जागेवर ठेवले तर तरी काय वाचते? पांढरीची माती शेतात टाकायला आणि घरे लिंपायला नेली जाते. किनारा लाटा खातात. बांधकामाखाली टेकाडेच्या टेकाडे जातात. मग कोणीतरी उचलले तर निदान वस्तू राहते.

याचे उत्तर दायमाबादकडे पाहून देते. १९७४ साली एका स्थानिक रहिवाशाला तेथे कांस्याचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. एकूण वजन साठ किलोहून अधिक. त्या माणसामुळे आणि वेळीच झालेल्या सरकारी दखलीमुळे ते भंगारात वितळले नाहीत. त्याचे ऋण मोठे आहे. तरीही या शिल्पांच्या काळावर आजही वाद होतो, कारण ती पद्धतशीर उत्खननात, थरात बसलेली अशी मिळाली नाहीत.

२२/
म्हणून 'काहीच करू नका' असे मी सांगणार नाही. किल्ल्यावर, नदीकाठी, बेटावर तुम्ही-आम्ही पुरातत्त्व खात्याच्या माणसांपेक्षा जास्त वेळा जातो. तेव्हा इतके करू:

• वस्तू दिसली की हात लावण्याआधी छायाचित्र घ्या. शेजारी मोजपट्टी, निदान पेन ठेवा.
• मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा.
• भोवतालचे एक दूरचे छायाचित्र घ्या.
• वस्तू तिथेच राहू द्या आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या विभागाला कळवा.
• नेमकी जागा समाजमाध्यमांवर जाहीर करू नका. खजिना शोधणारेही धागे वाचतात.

संरक्षित स्थळावरून काही उचलणे बेकायदेशीर आहे. जमिनीत सापडलेल्या धनासाठी १८७८ पासून निखात निधी कायदा आहे, आणि पुरावस्तूंसाठी १९७२ चा कायदाही आहे.

२३/
आणखी एक गोष्ट. घारापुरी हे केवळ स्मारक नाही, ते गाव आहे. मुंबईच्या झगमगाटासमोर असूनही समुद्राखालून केबल टाकून तेथे कायमची वीज पोहोचली ती २०१८ साली. जागतिक वारसा हा दर्जा १९८७ चा. या दोन सालांमधले अंतर आपण लक्षात ठेवावे.

जुन्या वस्तीच्या खुणा जिथे आहेत तिथेच आजची माणसे राहतात, मासेमारी करतात, दुकाने चालवतात. कोणत्या पावसाळ्यात कुठली दरड कोसळली, कुठल्या बांधात जुन्या विटा आहेत, हे त्यांना ठाऊक असते. उद्या बेटाची सविस्तर पाहणी व्हायची असेल, आणि ती व्हायलाच हवी, तर तिचा आरंभ लेण्याच्या पायऱ्यांऐवजी मोराबंदरच्या ओट्यांवर बसून व्हावा असे मला वाटते.

२४/
राहिला माझा तुकडा. तो बेटावर परत नेऊन टाकावा असे बरेच दिवस मनात होते. मग लक्षात आले की तो ज्या जागी टाकीन ती जागा खोटी असेल, आणि उद्याच्या अभ्यासकाला मी चेस्नोलासारखा बनावट पुरावा देईन. रांजणाचा तो तुकडा आतून काळसर आहे. रोमचा की आखाताचा, हे कदाचित एखादा जाणकार मातीवरून सांगेल. बेटावर तो कुठे होता, हे मात्र कोणीही सांगू शकणार नाही.

म्हणून काल एक चिठ्ठी लिहून त्याला बांधली. येत्या आठवड्यात दोन्ही शिक्षकांकडे सुपूर्द करणार आहे. चिठ्ठीवर एवढेच लिहिले आहे:

घारापुरी. किनारा. नेमकी जागा नोंदवलेली नाही. चूक उचलणारीची.

#घारापुरी #पुरातत्त्व #इतिहासाचा_धागा